वीतभर पिल्लू आणि त्याची पेटी

मृगाचा पाऊस पडून गेला की बीड जिल्ह्यातल्या गावागावांत एक बाटली दिसायला लागते. पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली, झाकणाला तापल्या खिळ्याने पाडलेली चार भोकं आणि आत करंगळीच्या जाडीचं, वीतभर लांबीचं सापाचं पिल्लू. कुणाला ते कडब्याच्या गंजीखाली सापडलेलं असतं, कुणाला विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीत, कुणाला न्हाणीच्या मोरीत. बाटली या हातातून त्या हातात फिरते, फोटो निघतात, एखादा दयाळू माणूस त्यात दोन चमचे दूध ओततो. मग ती ओट्यावर नाही तर खिडकीत ठेवली जाते. दुपारी ऊन तिथवर सरकतं आणि संध्याकाळी पिल्लू निपचित पडलेलं असतं. 'उपाशी मेलं बिचारं,' असं म्हणून लोक पांगतात.

ते उपाशी मेलेलं नसतं. सापाचं पिल्लू चार दिवस काय, पंधरा दिवसही पोटात काही न जाता तग धरतं. ते मेलेलं असतं उन्हाने. भोकांमुळे बाटलीत हवा होती. जागा बदलायची सोय मात्र नव्हती, आणि सापाच्या पेटीचं सगळं शास्त्र त्या एका सोयीभोवती फिरतं.

आपलं शरीर बाहेर कितीही थंडी किंवा ऊन असलं तरी आतून ३७ अंशांच्या आसपास राहतं. त्यासाठी आपण दिवसातून दोन-तीन वेळा जेवतो. सापाने हा खर्च ठेवलेलाच नाही. तो बाहेरची ऊब उसनी घेतो आणि नकोशी झाली की सावलीला जातो. सकाळी बांधावर, दुपारी बिळात, दिवेलागणीला तापलेल्या डांबरी रस्त्यावर, असं त्याचं चालतं. सरपटणं हीच त्याची शेगडी आणि तोच त्याचा पंखा. पचनसुद्धा याच उबेवर अवलंबून असतं. भक्ष्य गिळल्यावर साप गार पडला, तर ते पोटात पचण्याऐवजी सडायला लागतं आणि तो ओकून टाकतो. उलट अंग चाळिशीच्या पुढे तापलं, तर बहुतेक साप फार वेळ जगत नाहीत. पिल्लाच्या बाबतीत तर हे आणखी झटपट होतं. वाटीभर पाणी घागरीपेक्षा लवकर तापतं, तसंच.

पेटी कशी करायची हे सांगण्याआधी ती कुणासाठी, हे सांगायला हवं. वावरात सापडलेला साप घरी पाळता येत नाही. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आपल्याकडच्या सापांना लागू आहे. २०२२ साली त्यात दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३पासून ती लागू झाली. त्यानंतर नाग, घोणस आणि अजगर यांच्या पंगतीला धामण आणि दिवडसुद्धा पहिल्या अनुसूचीत आले. या अनुसूचीतला प्राणी पकडून ठेवल्यास तीन ते सात वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. धामण म्हणजे उंदरांवर जगणारा शेतकऱ्याचा गडी. तिला वाघाच्या यादीत बघून काहींना हसू येतं. मला ते योग्यच वाटतं. गावोगाव सगळ्यात जास्त काठ्या तिच्याच पाठीत बसलेल्या आहेत.

मग पाळीव साप म्हणतात तो कुठला? तो परदेशी असतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला बॉल पायथन, जो घाबरला की अंगाचा चेंडू करून बसतो, किंवा अमेरिकेतला कॉर्न स्नेक. दोन्ही बिनविषारी, पिंजऱ्यात पैदास होणारे, आणि पुण्या-मुंबईतल्या हौशी मंडळींच्या घरात पोहोचलेले. बॉल पायथन साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतो, म्हणून तो बाळगणाऱ्याला केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. त्याचे नियम फेब्रुवारी २०२४मध्ये निघाले. बीडमध्ये मात्र पिल्लाच्या पेटीचा प्रश्न येतो तो बहुतेक वेळा जखमी, अडकलेल्या किंवा अंड्यातून नुकत्याच निघालेल्या देशी पिल्लासाठी, आणि तेही वन खात्याच्या माहितीने काम करणाऱ्या माणसांपुढे. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सिद्धार्थ आणि सृष्टी सोनवणे हे दांपत्य 'सर्पराज्ञी' नावाचं वन्यजीव पुनर्वसन केंद्र चालवतं. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या टापूत जखमी वन्यजीव नेऊन द्यायला असं ठिकाण आहे, ही गोष्ट मला जिल्ह्यातल्या पुष्कळ मोठ्या बातम्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. साप आफ्रिकेतला असो की शिरूरचा, त्याच्या पेटीची गणितं बरीचशी सारखीच आहेत.

पहिलं गणित आकाराचं. साप म्हटला की माणूस मोठी पेटी आणतो. पिल्लाला ती मानवत नाही. फूटभर पिल्लू चार फुटांच्या मोकळ्या काचेच्या पेटीत सोडलं, की ते कोपऱ्यात दबून बसतं, भक्ष्याकडे बघत नाही, रात्रभर काचेवर नाक घासत राहतं. रानात त्याच्यावर मुंगूस, कावळा, कोंबडी, भारद्वाज सगळ्यांचाच डोळा असतो. पाटोदा तालुक्यातलं नायगावचं मयूर अभयारण्य १९९४ सालचं आहे. तिथले मोर आपल्याला सुंदर दिसतात, पण सापाच्या पिल्लाला तो पिसारा मृत्यूसारखा दिसत असणार. उघड्यावर असणं म्हणजे मरणं, हे ते पिल्लू जन्मतःच जाणतं. म्हणून सुरुवातीला साधारण पिल्लाच्या लांबीएवढाच लांब डबा पुरतो. स्वयंपाकघरातला पारदर्शक, झाकण पक्कं बसणारा प्लास्टिकचा मोठा डबा, दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला बारीक भोकं पाडून. साप वाढला की डबाही वाढवायचा.

दुसरं गणित उष्णतेचं. या विषयावरची बहुतेक पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली आहेत. तिथे घरात बारा महिने साप गारठतो, म्हणून प्रत्येक पानावर दिवा लावा, गरम गादी लावा, गरम दगड ठेवा. पेटीची एक बाजू ३१-३२ अंश, दुसरी २५-२६ अंश, असा उतार ठेवायचा हा त्यातला सांगावा अगदी खरा आहे. बॉल पायथनच्या पिल्लाला तो नेमका लागू पडतो आणि कॉर्न स्नेकला दोन-तीन अंश कमी चालतात. पण मे महिन्यात गेवराईच्या एखाद्या पत्र्याच्या खोलीत बसून हे पुस्तक वाचायचं म्हणजे उन्हाळ्यात रजईची जाहिरात वाचण्यासारखं. बाहेर ४१-४२ अंश आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. तिथे गरम बाजू फुकट मिळते, कमवावी लागते ती गार बाजू.

म्हणून इथे पुस्तक उलटं धरून वाचावं लागतं. पहिला निर्णय पेटीचा नसून खोलीचा असतो. गावात जुनं माळवद शिल्लक असेल, तर त्याच्यासारखी जागा नाही. हातभर जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती आणि वर मातीचं धाबं यांमुळे भर दुपारीही आत ऊन पोहोचत नाही. ऊन भिंतीत शिरून आतल्या बाजूला येईपर्यंत रात्र झालेली असते. स्लॅबच्या घरात निदान वरचा मजला टाळायचा आणि पेटी फळीवर न ठेवता जमिनीलगत ठेवायची, कारण गरम हवा वर चढते. मग पेटीच्या एका टोकाला बाहेरून ओलं गोणपाट टेकवायचं. मराठवाड्याची उन्हाळी हवा कोरडी असते, पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. रांजणातलं पाणी गार होतं ते याच न्यायाने. गोणपाट पेटीला सगळीकडून गुंडाळायचं मात्र नाही. हवा कोंडली की ओल साचते, आणि ओल व ऊब एकत्र आली की सापाच्या पोटाच्या खवल्यांना फोड येतात.

थंडीत पुस्तक पुन्हा सुलटं होतं. डिसेंबर-जानेवारीत बालाघाटच्या डोंगरपट्टीत पहाटे पारा दहा-बारा अंशांवर येतो आणि परदेशी पिल्लाला तो सोसत नाही. तेव्हा डब्याच्या तळाच्या एक तृतीयांश भागाखाली, बाहेरून, विजेची गरम गादी ठेवायची आणि ती थर्मोस्टॅटला जोडायची. थर्मोस्टॅटशिवाय गादी म्हणजे बंब पेटवून झोपी जाणं. आत ठेवायचे गरम दगड तर विकत घेऊच नयेत; साप त्यावर पोट भाजेपर्यंत बसून राहतो. आणि लाईट जाणार हे गृहीत धरायचं. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीच्या बाहेरच्या अंगाला लावली, की दोन-तीन तास निभावतात. तापमान हाताने चाचपून कळत नाही, त्याला दोन थर्मामीटर लागतात, दोन टोकांना दोन. या सगळ्या सामानात मला विचाराल तर सर्वांत मोलाची वस्तू तीच.

काचेच्या पेटीबद्दल थोडं. सूर्यप्रकाश काचेतून आत शिरतो आणि उष्णता होऊन अडकतो. बंद पेटी खिडकीतल्या थेट उन्हात ठेवली, तर आतला साप काही मिनिटांत मरू शकतो. शिवाय काच ही बघणाऱ्याची सोय आहे. पुण्यात १९८० साली नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांबरोबर ७२ तास काचेच्या खोलीत राहिले होते. त्रास दिल्याशिवाय साप अंगावर येत नाहीत हे लोकांना दाखवायचं, तर काच हवीच होती. पिल्लाला कुणाला काही दाखवायचं नसतं. त्याच्या काचेच्या पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून खाकी कागद चिकटवला, की ते लवकर स्थिरावतं.

लपण्याच्या जागेचा विचार आपल्याकडच्या सापाच्या सगळ्यात जुन्या पेटीने केला होता. गारुड्याची शेणाने सारवलेली बांबूची टोपली आठवा. आत अंधार, अंगाला चहूबाजूंनी लागणारी भिंत आणि विणीतून येणारी हवा. साप त्यात वेटोळं करून शांत बसत असे, तो पुंगीच्या मोहिनीने नव्हे, अंधारामुळे. बाकी सगळं त्या टोपलीत चुकलेलंच होतं. पाणी नाही, ऊन-सावलीची निवड नाही, आणि दात पाडल्यामुळे तोंडात जखम होऊन तो काही आठवड्यांत मरायचा. गारुडी मग नवा नाग धरायचा. टोपलीतून घ्यायचं ते एवढंच, की सापाला अंग चोरून बसता येईल अशी अंधारी जागा हवी.

अशा जागा एकाऐवजी दोन लागतात, एक उबदार टोकाला आणि एक गार टोकाला. लपण फक्त उबेला ठेवलं, तर ऊन जास्त झालं तरी पिल्लू तिथून हलत नाही. जीव वाचवायचा की अंग निववायचं, यात ते जीव वाचवणं निवडतं आणि भाजून निघतं. फक्त गारव्याला ठेवलं, तर ऊब घ्यायला बाहेर येत नाही आणि खाल्लेलं पचत नाही. दुकानात प्लास्टिकच्या गुहा मिळतात, पण फुटक्या माठाच्या खापराची सर त्यांना येत नाही. माठाचा गोलावा वेटोळ्याच्या मापाचा असतो, कडा दगडावर घासून बोथट करता येतात, आणि उन्हाळ्यात गार टोकाचं खापर घटकाभर पाण्यात बुडवून ठेवलं, की तोच छोटा रांजण होतो. मी पाहिलेल्या पेट्यांमध्ये सगळ्यात समाधानी साप अशा खापराखाली होता. समाधान सापाच्या तोंडावर वाचता येत नाही हे मान्य, पण तो वेळच्या वेळी खात होता आणि अखंड कात टाकत होता.

कात नीट निघणं हीच पेटीची परीक्षा. कात टाकण्याआधी पिल्लाचे डोळे निळसर-दुधी होतात, अंगाचा रंग मळतो, ते चिडकं होतं. त्या आठवड्यात त्याला हात लावायचा नसतो. हवेत ओल असेल तर कात तोंडापासून सुरू होऊन पायमोज्यासारखी उलटी, एकसंध निघते. कोरड्या हवेत तिचे तुकडे पडतात. डोळ्यावरची चकती तशीच राहते, शेपटीच्या टोकाला कातीचं कडं राहून रक्त अडतं आणि टोक वाळून गळतं. मार्च ते मे बीडची हवा फार कोरडी असते, म्हणून ओल्या काथ्याची एक छोटी डबी, वर शिरण्यापुरतं भोक पाडून, त्या दिवसांत पेटीत ठेवायची. पाण्याचं भांडं जड आणि बुटकं असावं, मातीची जाड परळ असेल तर उत्तम. पिल्लू त्यातून पितं आणि कधी कधी त्यात बसूनही राहतं. सारखंच बसायला लागलं, तर समजायचं की पेटी तापली आहे, नाही तर अंगावर किडे झाले आहेत.

तळाला काय अंथरायचं यावर हौशी लोक तासन् तास बोलतात. पिल्लासाठी साधा वर्तमानपत्राचा कागद पुरतो. घाण लगेच दिसते, किडे दिसतात, रोज बदलता येतो. पुढे नारळाच्या काथ्याचा भुसा चालतो. देवदार किंवा चीडाच्या लाकडाचा सुवासिक भुसा नको, डांबराच्या गोळ्या तर मुळीच नकोत. कपाटातली झुरळं घालवणारा तो वास बंद डब्यातल्या पिल्लाच्या फुफ्फुसाला विष आहे.

कागदाला अपवाद मांडुळाचा. हा जाड, शेपूट बोथट, मातकट-तांबूस अंगाचा साप मराठवाड्याच्या कोरडवाहू मातीतला अस्सल रहिवासी. शेपटी तोंडासारखी दिसते म्हणून लोक त्याला दोन तोंडांचा म्हणतात, आणि गुप्तधन दाखवतो या बावळट समजुतीपायी त्याचा चोरटा बाजार होतो. वजनावर भाव सांगितले जातात. छाप्यात सुटलेली मांडुळं बादलीत, पोत्यात, कधी पाण्याच्या जारमध्ये कोंबलेली सापडतात. ज्याचं सगळं आयुष्य मातीच्या पोटात जातं, त्याला गुळगुळीत प्लास्टिकवर ठेवणं म्हणजे माशाला ताटात ठेवणं. त्याच्या पेटीत वीतभर तरी भुसभुशीत, कोरडी, चाळलेली माती-वाळू लागते. ती मिळाली की ते क्षणात आत शिरतं आणि मग दिवसचे दिवस दिसतच नाही. त्याच्या पेटीत नुसती माती दिसली, तर पेटी जमली.

झाकण. पेन्सिल जाऊ शकेल एवढ्या फटीतून पिल्लू जातं. डोकं गेलं की धड जातंच. वर वजन म्हणून वीट ठेवली तरी ते कोपरा उचलून पाहतं, म्हणून दोन्ही बाजूंना खटके हवेत. जाळी फार खरखरीत असेल, तर नाक घासून घासून जखम होते.

अन्नाचा थोडा तपशील. साप दूध पीत नाहीत. नागपंचमीला तोंडाशी धरलेलं दूध तहानेने व्याकूळ झालेला नाग पाणी समजून ओढतो आणि ते त्याला बाधतं. बॉल पायथनच्या पिल्लाला उंदराचं लहान पिल्लू पाच ते सात दिवसांतून एकदा पुरतं, आणि त्याची जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाइतकीच असावी. मेलेलं दिलेलं बरं. जिवंत उंदीर पेटीत सोडून झोपलात, तर सकाळी उंदरानेच सापाला कुरतडलेलं असतं. नवीन जागी आणल्यावर पहिले पाच-सात दिवस काहीही द्यायचं नाही आणि खाल्ल्यानंतर दोन दिवस हाताळायचं नाही. दिवडाच्या पिल्लाला मात्र उंदीर कळत नाही, त्याला बेडकं-मासे लागतात. म्हणूनच देशी पिल्लू कोणतं हे ओळखल्याशिवाय पुढचं सगळं फोल आहे. ओळखणं हे जाणकाराचं काम. डुरक्या घोणस बिनविषारी, तिच्यासारखीच दिसणारी घोणस जहाल. कवड्या बिनविषारी, मण्यार जीवघेणी. घोणशीचं वीतभर पिल्लू जन्मल्या दिवसापासून पुरेसं विष बाळगून असतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. बाकीच्यांनी पिल्लाला हात न लावता, त्याच्यावर नजर ठेवून वन खात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा किंवा ओळखीच्या सर्पमित्राला बोलवावं.

आता राहिली अंड्यांची पेटी. ही मला सगळ्यात आवडते. उकिरडा उपसताना किंवा जेसीबीने बांध फोडताना धामणीची अंडी उघडी पडतात, पांढरी, चामड्यासारख्या मऊ टरफलाची, एकमेकांना चिकटलेली. कोंबडीचं अंडं फिरवलं तरी चालतं, सापाचं फिरवायचं नसतं, आतला जीव एका बाजूला धरून बसलेला असतो. म्हणून सर्पमित्र आधी वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करतात आणि त्याच बाजूने ओलसर काथ्यात मांडतात. मुठीत दाबल्यावर पाणी गळू नये इतकीच ओल आणि २८ ते ३० अंश ऊब ठेवायची. उकिरडा हे काम आपोआप करत होता. दोनेक महिन्यांनी टरफलाला बारीक चिरा पडतात. पिल्लाच्या नाकाच्या टोकावर त्याच कामापुरता एक दात असतो, तो पुढे गळून जातो. चिरेतून डोकं बाहेर येतं आणि कधी कधी दिवसभर तसंच राहतं, जग बघत. त्याला ओढून काढायचं नाही, पोटात बलक मुरायचा बाकी असतो.

तो बलकच त्याची शिदोरी. त्यावर आठवडा-दहा दिवस निघतात, पहिली कात पडते, आणि तोवर पिल्लू काही मागत नाही. म्हणून या पेटीत खायला काही ठेवायचं कारण पडत नाही. ओला काथ्या, पाण्याची परळ, दोन खापरं. मग एका संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, अंडी सापडली त्याच शिवारात, पाणी आणि झुडपं जवळ असतील अशा बांधाशी डबा आडवा करायचा. पिल्लं लगेच पळत नाहीत. जीभ बाहेर काढून हवा चाखतात, एखादं पुन्हा खापराखाली शिरतं. थोड्या वेळाने गवत हलतं. डब्यात उरतात ती सुरकुतलेली टरफलं आणि कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशा काती.